शाळेची 'नासा' सहल: ३ लाख ८५ हजार भरावेत का?

आठवीची_आई (नाशिक)

मुलगा आठवीत आहे. शाळेतून पत्रक आलंय: 'नासा शैक्षणिक सहल, एप्रिल २०२६', १० दिवस, माणशी ३,८५,००० 'अधिक लागू कर'. व्हिसा शुल्क वेगळं. १५ नोव्हेंबरपर्यंत ५०,००० भरून नाव नोंदवायचं, ते पैसे परत मिळणार नाहीत. १६० मुलांच्या तुकड्यांतून चाळीसएक नावं गेली आहेत म्हणे.

पत्रकातला कार्यक्रम जसा आहे तसा देते: दिवस १ मुंबई–न्यूयॉर्क. दिवस २ शहरदर्शन, स्वातंत्र्यदेवी. दिवस ३ एम्पायर स्टेट, टाइम्स स्क्वेअर. दिवस ४ बसने वॉशिंग्टन. दिवस ५ संग्रहालय, व्हाइट हाउस (बाहेरून), रात्री विमानाने ओरलँडो. दिवस ६ डिस्ने. दिवस ७ युनिव्हर्सल. दिवस ८ नासा केनेडी स्पेस सेंटर. दिवस ९ आउटलेट मॉल, परतीचं विमान. दिवस १० मुंबई. शेवटी 'नासा प्रमाणपत्र' मिळणार.

अर्धे पैसे आहेत, अर्ध्यासाठी वैयक्तिक कर्ज काढावं लागेल. 'अनुभव आयुष्यभर पुरतो' वगैरे सभेत ऐकून झालंय. मला आकडे आणि नेमकं काय विचारायचं ते हवंय. जाणकारांनी सांगावं.

---

हिशेबनीस

ताई, आधी 'अधिक लागू कर' या तीन शब्दांचा हिशेब करू, कारण बहुतेक पालक तिथेच फसतात.

३,८५,००० वर ५ टक्के जीएसटी म्हणजे १९,२५०. झाले ४,०४,२५०. परदेशी टूर पॅकेज असल्यामुळे त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने पैसे घेतानाच गोळा करायचा आयकर. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये दहा लाखांपर्यंत ५ टक्के, म्हणजे साधारण २०,२१२. चेक ४,२४,४६२ चा. त्यात व्हिसाचे १८५ डॉलर (८८ चा भाव धरला तर १६,२८०), मुलाचा पासपोर्ट नसेल तर १,०००, मुलाखतीसाठी मुंबईच्या फेऱ्या धरून ५,०००, एप्रिलमधल्या न्यूयॉर्कच्या गारठ्यासाठी जाकीट-बूट-बॅग ८,०००, आणि हातखर्चाला ३०० डॉलर म्हणजे २६,४०० मिळवा. खरा आकडा ४ लाख ८० हजारांच्या घरात जातो. पत्रकातल्या आकड्याच्या वर जवळपास ९६ हजार.

यातला टीसीएस हा खर्च नाही, आगाऊ भरलेला आयकर आहे. विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो, पण दोन अटींवर. पावती ज्याच्या पॅनवर, जमा त्याच्या २६-एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या करनोंदीच्या उताऱ्यात) दिसते. म्हणून विवरणपत्र भरणाऱ्या पालकाचाच पॅन द्या. पॅन दिलाच नाही तर २०२५-२६ च्या नियमाने दर ५ ऐवजी १० टक्के. दुसरं, ३१ मार्चनंतर भरलेला हप्ता पुढच्या वर्षाच्या खात्यात जातो, म्हणजे तेवढे पैसे आणखी वर्षभर अडकले.

पैसे शाळेच्या खात्यात भरायला सांगत असतील तर तिथेच थांबा. शाळेची पावती 'सहल निधी' अशी असते. त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना टीसीएस. उद्या वाद झाला की शाळा म्हणते आम्ही मध्यस्थ, टूरवाला म्हणतो माझा करार शाळेशी. थेट टूर कंपनीला बँकेतून पैसे द्या, मुलाच्या नावाचं बिल घ्या. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क लागत नाही, पण बिल तुमच्या हातात हवं.

आता ३,८५,००० जातात कुठे? ढोबळ मांडणी करतो, गटाच्या दराने. मुंबई–अमेरिका जाऊनयेऊन १,१५,०००. न्यूयॉर्कहून किंवा वॉशिंग्टनहून ओरलँडोचं देशांतर्गत विमान १३,०००. हॉटेल एका खोलीत चौघं, माणशी रोज ४० डॉलर धरा, आठ रात्री, २८,०००. बस तेवढीच. जेवण तेवढंच. डिस्ने, युनिव्हर्सल, केनेडी, एम्पायर स्टेट आणि फेरीबोट मिळून ४६० डॉलर, म्हणजे ४०,०००. विमा अडीच हजार. बेरीज २ लाख ५५ हजारांच्या आसपास. दर १२-१५ मुलांमागे एक शिक्षक 'फुकट' येतो, तो अर्थात मुलांच्याच पैशांतून. त्याचे माणशी वीसेक हजार. उरलेले एक लाख-एक लाख दहा हजार म्हणजे कंपनीचा नफा, तिचा टूर मॅनेजर आणि भावातल्या चढउताराची सोय. नफा घ्यावा, धंदा आहे. पण 'शाळेसाठी खास सवलत' असं कुणी म्हणालं तर हा कागद पुढे करा.

कर्जाचं म्हणाल तर २ लाख, १४ टक्के, २४ महिने: हप्ता ९,६०० च्या आसपास, व्याज तीसेक हजार. हेच ४.२५ लाख ७ टक्क्यांनी चार वर्षं ठेवले तर बारावीच्या वेळी ५ लाख ५७ हजार होतात. सहलीसाठी कर्ज काढू नये, एवढं माझं मत. बाकी शिकण्याबद्दल इतरांनी लिहावं.

---

तिरका_अँटेना

'नासा' शब्दाचं पाहू.

केनेडी स्पेस सेंटर दोन आहेत असं समजा. एक आतलं, जिथून रॉकेट सुटतात आणि जिथे बाहेरच्याला सहजी प्रवेश नाही. दुसरं 'व्हिजिटर कॉम्प्लेक्स'. ते नासाशी करार केलेली खासगी कंपनी तिकिटांच्या उत्पन्नावर चालवते. तिकीट साधारण ७५ डॉलर, कुणीही काढावं. नासा त्यासाठी कुणाची 'निवड' करत नाही आणि तिथे दिवसभर फिरल्याबद्दल प्रमाणपत्रही देत नाही. पत्रकातलं 'नासा प्रमाणपत्र' टूर कंपनीच्या छापखान्यातलं. पुढे कुठल्याही प्रवेशात त्याला शून्य किंमत आहे.

याच्याशी घोळ होऊ नये म्हणून सांगतो: २०२५ मध्ये पुणे जिल्हा परिषदेने आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने चाळणी परीक्षा घेऊन आपल्या शाळांतली २५ मुलं नासा भेटीसाठी निवडली. तिथे मुलगा परीक्षा देऊन जातो, खर्च परिषद करते. इथे पालक चेक देऊन पाठवतात. वर्तमानपत्रात दोन्हीची बातमी सारखीच दिसते, एवढंच.

जागा मात्र खरोखर पाहण्यासारखी आहे, त्यात वाद नको. अटलांटिस यान तिथे ४३.२१ अंशांत तिरकं टांगलंय, मालकक्षाचे दरवाजे उघडे ठेवून; ३३ उड्डाणांनंतर काळवंडलेल्या टाइल्स हाताच्या अंतरावर दिसतात. सॅटर्न-५, म्हणजे चंद्रमोहिमांचं रॉकेट, वेगळ्या इमारतीत आहे. आधी एका खोलीत अपोलो ८ च्या उड्डाणाची घालमेल दाखवतात, मग दार उघडतं आणि समोर पाच एफ-१ इंजिनांची तोंडं येतात. एकेकाचं तोंड पावणेचार मीटर रुंद. तिथून ३६३ फुटांचं आडवं रॉकेट टोकापर्यंत चालत पाहायचं. चौदा वर्षांच्या पोराला प्रमाण म्हणजे काय ते इथे कळतं, पुस्तकातल्या चित्रात कळत नाही.

पण गोम इथेच आहे. सॅटर्न-५ च्या इमारतीत फक्त तिथल्या बसने जाता येतं, आणि शेवटची बस बंद व्हायच्या बरीच आधी सुटते. ओरलँडोहून तिथे पोचायला तास लागतो. हॉटेलात नऊला नाश्ता, दहाला चाळीस मुलांची हजेरी, साडेअकराला प्रवेश, एक वाजता डब्यातलं जेवण, तीनला 'गिफ्ट शॉप': या वेळापत्रकात अटलांटिस घाईत होतं आणि सॅटर्न राहून जातं. विचारायचा प्रश्न हाच: केनेडीला किती वाजता पोचणार, किती वाजता निघणार, आणि सॅटर्नची बस वेळापत्रकात लिहिली आहे का? उत्तर 'नऊ ते पाच' असेल तर ठीक.

तुमच्या दहा दिवसांत विज्ञानाचे तास मोजले तर केनेडीचे सहा-सात आणि वॉशिंग्टनच्या 'संग्रहालय'चे दोन. कोणतं संग्रहालय तेही लिहिलेलं नाही. वॉशिंग्टनमधलं स्मिथसोनियनचं हवाई-अवकाश संग्रहालय फुकट आहे, फक्त वेळेचा पास आधी काढावा लागतो. डलेस विमानतळाजवळ त्याचीच शाखा आहे, उडवर-हेझी. तिथे डिस्कव्हरी यान उभं आहे, प्रवेश तिथेही फुकट. ओरलँडोच्या विमानाआधी चार तास तिथे घालवता आले असते. त्याऐवजी व्हाइट हाउस बाहेरून!

नासाचा हट्टच असेल तर अलाबामातल्या हंट्सव्हिलचं स्पेस कॅम्प पाहा. तिथे सहाएक दिवस मुक्काम, १२ ते १४ वयोगटासाठी वेगळा अभ्यासक्रम, रॉकेट बांधणं, गटात मोहिमेचं सोंग वठवणं. तेवढ्याच पैशांत कार्यक्रमात हंट्सव्हिलचे पाच दिवस असतील तर मी 'पाठवा' म्हणेन. डिस्ने-युनिव्हर्सलचे दोन दिवस आणि मॉलचा एक, ही पर्यटनाची सहल आहे. पर्यटनात वाईट काही नाही, पण किंमत पर्यटनाच्या तराजूत तोला.

---

खिडकी_क्रमांक_सात

व्हिसाबद्दल वर फक्त पैसे आलेत. त्यातला धोका पैशांहून मोठा आहे.

प्रत्येक मुलाचा स्वतंत्र डीएस-१६० अर्ज भरावा लागतो. 'शाळेचा ग्रुप व्हिसा' असं काही नसतं. गट म्हणून वेळ मिळू शकते, निर्णय एकेकाचा होतो. पूर्वी १४ वर्षांखालच्यांना मुलाखतीतून सहसा सूट होती. २ सप्टेंबर २०२५ पासून ती गेली; आता त्यांनाही मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत जावं लागतं. वेळ मिळायला महिने लागू शकतात, म्हणून नोव्हेंबरात पैसे आणि फेब्रुवारीत अर्ज असा बेत असेल तर तो बेतच चुकीचा.

अधिकारी मुलालाच विचारतो: कुठे जाणार, कोण पैसे देतंय, वडील काय करतात. इथे 'नासाने माझी निवड केली' हे वाक्य घात करतं. टूर कंपनीचे लोक मुलांना तेच पढवतात. खरं सांगायला शिकवा: शाळेची सहल आहे, पैसे आईबाबा देतायत, एप्रिलअखेर परत येणार. सोबत शाळेचं पत्र, दोन्ही पालकांची विवरणपत्रं, बँकेचं सहा महिन्यांचं उतारापत्रक. खात्यात आठवड्यापूर्वी अचानक चार लाख आलेले दिसले की प्रश्न वाढतात. कर्जाचे पैसे तसेच दिसतात, ताई, हे लक्षात घ्या.

नकार आला तर १८५ डॉलर गेले. पण त्यापेक्षा, पुढे दर वेळी अमेरिकेच्या अर्जात 'पूर्वी व्हिसा नाकारला होता का' या रकान्यात 'हो' लिहावं लागतं. पाच वर्षांनी शिक्षणासाठी अर्ज करतानाही. त्याने दार बंद होत नाही, पण उत्तर तयार ठेवावं लागतं. उलट बाजूही सांगतो: व्हिसा मिळाला तर भारतीयांना तो बहुधा दहा वर्षांचा मिळतो. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांत संपतो, तरी जुन्या पासपोर्टातला व्हिसा चालतो. दोन्ही पुस्तकं बरोबर न्यायची. जुनं फेकू नका.

टूरवाल्याला लेखी विचारा: व्हिसा नाकारला तर ३,८५,००० पैकी किती परत, किती दिवसांत? विमानाच्या गट-तिकिटात नावं कधी पक्की करतात? त्या तारखेच्या आधी नकार आला तर जागा दुसऱ्याला देता येते, नंतर नाही. 'बघू, करून देऊ' हे उत्तर नाही.

आणि विमा. गटाच्या पॉलिसीत बऱ्याचदा ५०,००० डॉलरचं वैद्यकीय संरक्षण असतं. अमेरिकेत अपेंडिक्स फाटलं तर ते एका फटक्यात संपू शकतं. अडीच लाख डॉलरचं मागा, फरक हजार-दोन हजार रुपयांचा असतो. मुलाला दमा असेल तर पॉलिसीत तो वगळलाय का ते वाचा. पॉलिसीची प्रत निघण्याआधी हातात हवी, मॅनेजरच्या बॅगेत नको.

---

आठवीची_आई

सगळ्यांचे आभार. 'नासाने निवड केली' हे वाक्य पत्रकात जवळजवळ तसंच आहे. एक विचारायचं राहिलं: एकटं राहणं, पैसे हाताळणं, अनोळखी ठिकाणी वागणं, हे शिकण्यासाठी तरी उपयोग होतो का? शाळेचा भर त्यावरच आहे.

---

पोटापुरतं_विमान

होतो. तो भाग मी उडवून लावणार नाही. चार जणांत एक खोली, सकाळी सहाला स्वतः उठणं, विमानतळावर स्वतःचा पासपोर्ट सांभाळणं, वीस डॉलरची नोट मोडताना पाटीवरच्या किमतीवर गल्ल्यावर विक्रीकर चढतो हे कळणं (ओरलँडोत ६.५ टक्के), सगळं आठवीच्या मुलाला येतं आणि यायला हवं. पण हे शिकायला अटलांटिक ओलांडायची गरज नाही.

मुंबई–न्यूयॉर्क घड्याळाचा फरक एप्रिलमध्ये साडेनऊ तासांचा. दिवस २ आणि ३ ला मुलं बसमध्ये झोपलेली असतात आणि पहाटे तीनला हॉटेलच्या खोलीत टक्क जागी. तुमच्या कार्यक्रमात न्यूयॉर्क नेमकं त्याच दोन दिवसांत बसवलंय. शिवाय वॉशिंग्टनला पाच तास बस. दहापैकी ताज्या डोक्याचे दिवस पाच-सहा.

सिंगापूर घ्या: साडेपाच तासांचं विमान, अडीच तासांचा फरक, व्हिसा शुल्क ३० सिंगापूर डॉलर, मुलाखत नाही. जुरोंगचं सायन्स सेंटर पूर्ण दिवसाचं आहे. मरीना बराजला समुद्र अडवून गोड्या पाण्याचा साठा कसा केला ते फुकट पाहता येतं. लिटल इंडियात शाकाहारी जेवणाची चिंता नाही, हे शिक्षकांना विचारा किती मोठं ओझं आहे ते. पाच रात्रींची सहल अमेरिकेच्या निम्म्याहून बऱ्याच कमी खर्चात बसते. मुलांनी स्वतःचं मेट्रो कार्ड वापरून चार-चारच्या गटात शिक्षकांसह फिरावं, हे तिथे जमतं. फ्लोरिडात बसशिवाय पाऊल टाकता येत नाही.

परदेश नकोच असेल तर 'एकटं राहणं' गिर्यारोहणाच्या शिबिरातही येतं. ते पत्रकात छापायला तितकं चकचकीत दिसत नाही, एवढाच दोष.

---

तिरका_अँटेना

ताई, मुलगा आठवीत आहे म्हणून हे मुद्दाम लिहितो. इस्रोचा 'युविका' कार्यक्रम नववीच्या मुलांसाठी आहे. मे महिन्यात साधारण दोन आठवडे, इस्रोच्या केंद्रावर मुक्काम. राहणं-जेवण इस्रोचं आणि रेल्वेचं भाडंही मिळतं. अर्ज फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ऑनलाइन निघतात. निवडीत सगळ्यात जास्त वजन आठवीच्या गुणांना. शिवाय विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काउट-एनसीसी, ग्रामीण शाळा यांचे गुण. म्हणजे मुलाचं हे वर्ष मोजलं जातंय. प्रमाणपत्रं आत्तापासून एका फाइलमध्ये लावून ठेवा. तालुका पातळीच्या विज्ञान प्रदर्शनाचं प्रमाणपत्र शाळेच्या कपाटात राहिलं आणि अर्जाची मुदत संपली, हे फार होतं.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ वेधशाळा आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास सर्वांसाठी खुली असते. नाशिकहून पुण्याच्या रस्त्यावरच लागते, एका दिवसात जाऊन येता येतं. श्रीहरिकोटाला उड्डाण पाहायला गॅलरी आहे, नोंदणी ऑनलाइन आणि मोफत. उड्डाण पुढे ढकललं जातं, म्हणून परतीच्या तिकिटात दोन दिवस मोकळे ठेवा.

---

हिशेबनीस

एक भर. नाही म्हणायचं ठरलं तर मुलाला 'परवडत नाही' एवढंच सांगून सोडू नका. आठवीच्या मुलाला बेरीज येते. वरचा ४ लाख ८० हजारांचा कागद त्याच्यासमोर ठेवा, डिस्नेच्या आणि केनेडीच्या तिकिटांचे रकाने वेगळे दाखवा. आणि वर्गशिक्षकांना सांगा की सहलीची हजेरी, टी-शर्टची मापं वगैरे भर वर्गात घेऊ नका. १६० पैकी १२० मुलं जाणार नाहीत. जाणारे कमी आहेत, पण आवाज त्यांचाच असतो.

---

आठवीची_आई

शनिवारी पालकसभा आहे. हे चार प्रश्न लिहून नेतेय: पैसे थेट कंपनीला आणि बिल मुलाच्या नावाने मिळेल का; व्हिसा नाकारल्यास किती परत आणि नावं पक्की करायची तारीख कोणती; केनेडीला किती ते किती आणि सॅटर्नची बस आहे का; विमा किती डॉलरचा. कर्ज काढणार नाही हे तर आजच ठरलं. मुलाला वेळापत्रक दाखवलं, त्याने दिवस ८ वर बोट ठेवून विचारलं, "मग बाकीचे नऊ दिवस कशाला?"

युविकाची फाइल आणलीय. दोन प्रमाणपत्रं सापडली, तिसरं शाळेच्या कपाटात आहे, तेही शनिवारीच मागते.